संप मिटला होता, तीन बायकांनी तो परत उभा केला (ग्दान्स्क, पोलंड, ऑगस्ट १९८०)

पंचगंगा

लिहू की नको करत दोन महिने गेले, आज लिहूनच टाकते. विषय सार्वत्रिक संपाचा आहे. नुसत्या पगारवाढीचा संप म्हणत नाहीये मी, अख्खं शहर आणि मग अख्खा देश हात खाली ठेवतो, कुणी दगड उचलत नाही, आणि ज्या सरकारला निवडणुकीत हरवायची सोयच नाही त्या सरकारला येऊन समोर बसावं लागतं, तसला संप.

पोलंडशी माझा संबंध एवढाच की माझं आजोळ वळिवड्याजवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका आणि लहान पोरंच जास्त. आजी सांगायची की त्या बायका बाजारात यायच्या आणि मोडक्या मराठीत भेंडीचा भाव करायच्या. त्यामुळे पोलंडचं नाव कुठेही दिसलं की मी थांबून वाचते, तसं वाचता वाचता ऑगस्ट १९८० पर्यंत पोचले आणि तिथेच अडकले.

सगळ्यांना वालेसा माहीत असतो, तो मिशीवाला इलेक्ट्रिशियन, लेनिन शिपयार्ड (ग्दान्स्कची जहाजं बांधायची गोदी), सॉलिडॅरिटी (या संपातून उभी राहिलेली स्वतंत्र युनियन), नोबेल. मला लिहायचंय ते १६ ऑगस्टच्या शनिवार दुपारबद्दल, कारण त्या दुपारी संप मिटला होता. खरंच मिटला होता.

पण आधी मागचं सांगते, नाहीतर कळणार नाही. डिसेंबर १९७० मध्ये नाताळ तोंडावर असताना सरकारने खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले. ग्दान्स्कचे कामगार गोदीतून बाहेर रस्त्यावर उतरले, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयाला आग लागली, सैन्य आलं. शेजारच्या ग्दिनियामध्ये १७ तारखेला सकाळी लोक लोकलमधून उतरून कामावर चालले होते, आदल्या संध्याकाळीच टीव्हीवरून त्यांना कामावर या म्हणून आवाहन केलेलं, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या शहरांत चाळीसच्या वर माणसं मेली. आणि हे सरकार स्वतःला कामगारांचं सरकार म्हणवत होतं.

दहा वर्षं लोकांनी हे पोटात ठेवलं, आणि १९८० मध्ये त्यातून जे शहाणपण काढलं ते मला फार मोठं वाटतं: बाहेर पडायचं नाही. गेट आतून लावून घ्यायचं आणि आतच बसायचं. रस्त्यावरच्या गर्दीवर गोळी चालवणं सोपं, पण सोळा हजार माणसं आपल्याच कारखान्यात आपल्याच मशिनशेजारी गप्प बसलीत तर त्यांना काढायचं कसं, आणि काढलंच तर जहाज बांधणार कोण. आत दारूला पूर्ण बंदी, बाटली सापडली तर तिथेच ओतून द्यायची. एका दारूड्याने मारामारी केली असती तरी सरकारला निमित्त मिळालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संपाला कारण झाली आना वालेंतिनोविच नावाची क्रेनवाली. १९५० पासून त्याच गोदीत, आधी वेल्डर मग क्रेन ऑपरेटर, निवृत्तीला पाच महिने राहिलेले आणि ७ ऑगस्टला तिला कामावरून काढलं. कारण ती बेकायदेशीर ठरवलेल्या स्वतंत्र युनियनमध्ये होती. त्याआधी तिच्यावर चोरीचाही आळ आणला होता, तो कशाचा तर १९७० च्या मेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या ओतायच्या म्हणून स्मशानातल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांची टोकं ती गोळा करायची त्याचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

१४ ऑगस्टला गुरुवारी पहाटेच्या पाळीला संप सुरू झाला. मागण्या साध्या होत्या, आनाला आणि (१९७६ मध्ये काढलेल्या) वालेसाला कामावर परत घ्या, १९७० च्या मृतांचं स्मारक बांधू द्या, पगार दोन हजार झ्लॉटी वाढवा. शनिवारी डायरेक्टरने जवळपास सगळं मान्य केलं, वाढ दीड हजाराची दिली. वालेसाने संप संपल्याचं जाहीर केलं. लोक पिशव्या उचलून घरी निघाले.

आणि तिथे हेन्रिका क्शिवोनोस उभी होती. ट्राम चालवायची ती, वय २७. आदल्या दिवशी म्हणजे १५ ऑगस्टला तिने आपली ट्राम शहरात मध्येच थांबवलेली, ट्राम आता पुढे जाणार नाही म्हणून सांगून, आणि शहराची वाहतूक ठप्प झालेली. ट्रामवाले, बसवाले, छोटे कारखाने हे सगळे गोदीच्या भरवशावर उतरले होते. तिने तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही आम्हाला सोडून गेलात तर आम्हाला संपवतील, रणगाड्यांपुढे आमच्या बसगाड्या टिकणार नाहीत. तुमचं झालं, आमचं काय?

लाऊडस्पीकर बंद केलेले होते. मग आना आणि गोदीच्या दवाखान्यातली नर्स अलिना पियेन्कोव्स्का गेटांकडे धावल्या. अलिना २८ वर्षांची. तिने गेट लावून घ्यायला लावलं आणि घरी निघालेल्या पुरुषांना उंचावर उभी राहून सांगितलं की संप चालू आहे, आता तो दुसऱ्यांसाठी आहे. वालेसानेही तिथल्या तिथे निर्णय फिरवला, हे त्याचंही मोठेपण. बरेच लोक तोवर निघून गेले होते, सोळा हजारांतले हजारभर राहिले असतील त्या रात्री. पण त्याच रात्री सगळ्या कारखान्यांची मिळून एक संप समिती बनली, दुसऱ्या दिवशी २१ मागण्या तयार झाल्या आणि पहिली मागणी पगाराची नव्हतीच, ती होती पक्षापासून स्वतंत्र युनियनची. तो क्षण मला सारखा आठवतो. आपलं पदरात पडल्यावरसुद्धा थांबायचं. माझ्या मते संप सार्वत्रिक होतो तो तिथे, बाकी सगळा आकड्यांचा हिशोब.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. अजून कुठे असं झालंय तेही लिहा.

चाफा

पंचगंगा, काय लिहिलंयस गं. मला एक प्रश्न सतावतोय, १४ ते ३१, म्हणजे सरकारशी करार होईपर्यंत, अठरा दिवस. हे लोक खात काय होते? आणि शहर बंद म्हणजे बेकरीपण बंद, दूधपण बंद, मग लोक संपावरच चिडले नाहीत का? आपल्याकडे तीन दिवस एसटी बंद राहिली तरी लोक कर्मचाऱ्यांना शिव्या घालतात. आणि टेलिफोन तोडले असतील ना, मग बाकी देशाला कळलं कसं?

पंचगंगा

चाफा, खाण्याचंच खरं. गेटवर बायका यायच्या, आया, बायको, शेजारणी, पाव, सॉसेज, सिगरेटी गजांमधून आत द्यायच्या. आसपासचे शेतकरी माल आणून टाकायचे. फोटोत ते गेट बघ, फुलांनी भरलेलं, मध्ये पोपचा फोटो. सुंदर दिसतं पण मला त्या गजांतून आत जाणारे हात जास्त दिसतात.

बेकरीबद्दल, हे फार महत्त्वाचं आहे आणि मी वर लिहायला विसरले. सगळं बंद केलंच नाही त्यांनी. संप समितीच ठरवायची की काय चालू ठेवायचं. अन्नधान्याचं काम, जे थांबलं तर माणसांचे हाल होतील ते समितीच्या परवानगीने चालू. म्हणजे दोन आठवडे त्या भागात सरकारच्या शिक्क्यापेक्षा समितीच्या चिठ्ठीला वजन होतं. सरकारला पगारवाढ चालली असती, हे चिठ्ठीचं प्रकरण जास्त झोंबलं असणार असं माझं मत.

फोन तोडले होते, ग्दान्स्कचा बाकी देशाशी संपर्क बंद केला होता. पण त्याआधी, पहिल्या दिवशी, दवाखान्यातला फोन चालू होता आणि त्यावरून अलिनानेच वॉर्साला यात्सेक कुरोनला (सरकारविरोधी चळवळीतला कार्यकर्ता) बातमी कळवली. तिथून ती परदेशी पत्रकारांना आणि मग परदेशी रेडिओवरून परत पोलंडच्या घराघरात. गाडीत बसून निरोप घेऊन जाणारी पोरं होतीच. शेवटाला सातशेच्या वर कारखाने आणि संस्था त्या एका समितीत होत्या.

वेल्डर_काका

नमस्कार. मी सहसा वाचतोच फक्त. आज लिहितो.

मी पस्तीस वर्षं वेल्डिंग केलं. एमआयडीसीतली एक कंपनी, नाव गाव काही लिहीत नाही, आता त्याचा उपयोग नाही. ९० च्या दशकात आमच्याकडे बेमुदत संप झाला, तेवीस दिवस चालला. आम्ही साडेतीनशेच्या आसपास पर्मनंट आणि शंभरेक कंत्राटी पोरं. पोरं आमच्या आधी बाहेर आली होती खरं तर, त्यांना गमवायला जास्त होतं तरी आली. संपाच्या काळात गावोगाव फिरून धान्य गोळा करायचं काम त्यांच्याकडेच होतं, सायकलवर पोती बांधून आणायची, तरणी पोरं. कुणाच्या घरी चूल पेटली नाही कळलं की रात्री जाऊन दोन किलो देऊन यायची, कुणाला न सांगता.

तेविसाव्या दिवशी करार झाला. आमची वाढ चांगली होती, मागितली त्याच्या जवळपास. कंत्राटी पोरांचं नंतर बघू असं ठरलं. गेट मीटिंगमध्ये नेत्याने विचारलं मान्य आहे का, आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा केला. मला दोन मुली होत्या शाळेत आणि वाण्याची उधारी डोक्यावर, पण हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचिंगच्या रांगेत उभे आणि ती पोरं समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी. त्यातला एक माझ्याकडे चालत आला, विशीतला असेल. मला वाटलं शिव्या देणार आणि मी खायला तयार होतो. त्याने धान्याच्या हिशोबाची वही माझ्या हातात दिली. म्हणाला काका, तेरा किलो ज्वारी शिल्लक आहे, कुणाला द्यायची ते तुम्ही बघा.

ताईने लिहिलं ना तुमचं झालं आमचं काय. आमच्या गेटवर ते विचारायला कोणी नव्हतं असं नाही. पोरांनी विचारलं नाही कारण त्यांना वाटलं आम्ही आपणहून बोलू.

साधी_बाई

काका, वाचून गलबललं. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

मी नर्स आहे, २२ वर्षं वॉर्डात. सार्वत्रिक संप म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो की ऑक्सिजनचं काय, डायलिसिसवाल्यांचं काय. संपाबद्दल प्रेमाने बोलणारे लोक हे विसरतात असं मला नेहमी वाटायचं. म्हणून पंचगंगाने ते चिठ्ठीचं लिहिलं ते मला फार पटलं. काय थांबवायचं हे कुणालाही ठरवता येतं, काय थांबवायचं नाही हे ज्याला ठरवता येतं त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.

त्या २१ मागण्यांची यादी मी शोधून वाचली आत्ता. राजकीय कैदी सोडा, छापण्याबोलण्याचं स्वातंत्र्य द्या, संपाचा हक्क द्या हे सगळं आहेच वर. पण खाली या, मांसाचं रेशनकार्ड पद्धतीने वाटप करा, दवाखान्यांची स्थिती सुधारा, तीन वर्षांची पगारी बाळंतपणाची रजा, घरासाठी लागणारी वाट कमी करा, शनिवारी सुट्टी. ही यादी ज्याने केली त्याला घर चालवायचं कळतं, किंवा करताना तिथे बायका होत्या. सरकारविरोधी मोठमोठ्या घोषणा माझ्या ओळखीच्या एकाही बाईला घराबाहेर काढणार नाहीत, पण दवाखान्यात खाट मिळत नाही आणि दुकानात काही मिळत नाही हे एका कागदावर स्वातंत्र्याच्या शेजारी लिहिलेलं दिसलं तर ती येईल. त्या मागण्या लाकडी फळ्यांवर रंगवून गेटवर लावल्या होत्या, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचाव्यात म्हणून. त्या फळ्या अजून आहेत, २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात घेतल्या.

सडेतोड

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. ग्दान्स्कची गोष्ट ३१ ऑगस्ट १९८० ला थांबवली की छान वाटते. पण पुढे? १३ डिसेंबर १९८१ ला सत्तेवरच्या जनरल जारुझेल्स्कीने लष्करी कायदा लावला, रातोरात हजारो लोक उचलले, रस्त्यावर रणगाडे, आणि १६ तारखेला वुयेक खाणीत आत बसूनच संप करणाऱ्या खाणकामगारांवर गोळ्या घातल्या, नऊ मेले. म्हणजे तो आत बसायचा उपाय पण चालला नाही. सॉलिडॅरिटीवर बंदी आली. १९८९ मध्ये जे झालं ते गोर्बाचेव्ह आले म्हणून आणि पोलंडचं सरकार पाश्चात्त्य बँकांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालं होतं म्हणून. संपाने हुकूमशाही पडते हे अर्धसत्य आहे.

आपल्याकडचंच बघा. १९७४ चा रेल्वे संप, ८ मे ते २७ मे, १७ लाख कामगार, जगातल्या मोठ्या संपांपैकी एक. मोडलाच ना? हजारोंना मिसाखाली आत टाकलं, वर्षभराने आणीबाणी. ज्याच्या हातात पोलीस आहेत तो थांबू शकतो, ज्याच्या घरात पीठ नाही तो थांबू शकत नाही. काकांच्या पोस्टमध्ये पण हेच आहे.

मृगजळ

सडेतोड यांचा मुद्दा कडू आहे पण टाळता येणार नाही. मी एक उदाहरण देतो जे दोन्ही बाजूंनी जातं.

एल साल्वादोर, १९४४. जनरल मार्तिनेस तिथे १९३१ च्या शेवटापासून सत्तेवर. १९३२ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा त्याने हजारो माणसं मारली, बरेच अंदाज दहा हजारांच्या वरचे आहेत. १९४४ च्या एप्रिलमध्ये सैन्यातल्या काहींनी बंड केलं, ते त्याने चिरडलं आणि अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. म्हणजे बंदुकीने बंदुकीला हरवायचा प्रयत्न फसला. त्यानंतर विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि त्याला नाव दिलं गळालेल्या हातांचा संप. बाहेर येऊ नका, जमू नका, ओरडू नका, फक्त घरी बसा. मेच्या पहिल्या आठवड्यात दुकानं, बँका, रेल्वे, वकील, डॉक्टर सगळे बसले. ज्या पोलिसांना गर्दीवर गोळी चालवायची सवय त्यांच्यासमोर रिकामा रस्ता. ७ मेला पोलिसांच्या गोळीने एक मुलगा मेला आणि मग सरकारचा उरलासुरला आधारही गेला. ८ तारखेला मार्तिनेसने पद सोडतो म्हणून सांगितलं, ११ ला देश सोडला. बंडाला जे महिनाभरापूर्वी जमलं नव्हतं ते रिकाम्या रस्त्यांनी आठवड्याभरात केलं.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे परत लष्करी उठाव झाला आणि जुनीच माणसं परत बसली. लोक मार्तिनेस जावा एवढ्याच एका मागणीसाठी एकत्र आले होते, तो गेला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मागे टिकेल असं काही उभं राहिलं नव्हतं. म्हणून पंचगंगा यांनी ते पहिल्या मागणीचं लिहिलं ते नीट बघायला हवं. ग्दान्स्कवाल्यांनी कुणी माणूस जावा असं मागितलंच नाही, संघटना मागितली. १९८१ ला रणगाडे आले तेव्हा ती संघटना एक कोटी लोकांची झाली होती, साडेतीन कोटींच्या देशात. एवढी माणसं आत टाकायला तुरुंग पुरत नाहीत.

पंचगंगा

सडेतोड, तुमचं बरंचसं मान्य. वुयेकचं मी लिहायला हवं होतं, ती नऊ माणसं विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. कर्ज होतं हेही खरं, वीस अब्ज डॉलरच्या वर. आणि गोर्बाचेव्हही खरे.

पण बघा, १९८८ मध्ये परत संप झाले, एप्रिल-मेमध्ये आणि परत ऑगस्टमध्ये, पोलाद कारखाना, खाणी, तीच गोदी. त्यातले बरेच संपकरी एवढे तरुण होते की १९८० मध्ये ते शाळेत असतील. आणि त्यांची मागणी काय तर सॉलिडॅरिटीला परत मान्यता द्या. बंदी येऊन सहा-सात वर्षं झाल्यावर. त्यानंतर सरकार गोलमेज चर्चेला तयार झालं, ४ जून १९८९ ला निवडणूक, आणि सेनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीला. गोर्बाचेव्ह शेजारच्या देशांनाही होते की, मग चर्चेच्या टेबलावर बसायला आधी पोलंडच का पोचलं? कारण समोरच्या खुर्चीत बसायला तिथे कुणीतरी होतं.

१९७४ बद्दल. तो संप मोडला कारण रेल्वेवाले एकटे पडले असं मी समजते. क्शिवोनोसने नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती, फक्त तिच्याकडे ती ऐकणारं कुणीतरी होतं.

ट्रामलाईन

एक छोटंसं जोडतो कारण मला ते फार आवडतं. कोपनहेगन, जून १९४४, जर्मन ताब्यात. रात्री आठ नंतर बाहेर पडायला बंदी आली. बुर्माइस्टर अँड वाइन नावाचा मोठा जहाज कारखाना तिथे, तिथले कामगार दुपारीच उठून घरी निघाले. त्यांचं म्हणणं की हा संप नाही, आमच्या बागेच्या वाफ्यांना पाणी घालायचं असतं, आठला घरात बसायचं तर लवकर जायला नको का? (तिकडे कामगारांना शहराबाहेर भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे असत.) बघता बघता अख्खं शहर बंद. जर्मनांनी पाणी, गॅस, वीज तोडली, रस्त्यावर गोळीबारात माणसं मेली, तरी लोकांनी रस्त्यात चुली मांडल्या आणि तळ्यांवरून पाणी आणलं. शेवटी जर्मनांना ती रात्रीची बंदी उठवावी लागली.

युद्ध काही संपलं नाही त्याने, तरी ज्यांच्याकडे तोफा होत्या त्यांना माघार घ्यावी लागली.

गिरणगाव_परळ

आपल्या मुंबईचं १९०८ कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टिळकांना २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरण्या बंद, कापडबाजार बंद, सहा वर्षांना सहा दिवस. आजोबा सांगायचे त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, की गिरणीचा भोंगा वाजत राहायचा आणि कोणी जायचं नाही. तेव्हा ना युनियन होती ना संपनिधी. दगडफेक झाली हे खरं आहे, लष्कराने गोळीबार केला आणि माणसं गेली हेही खरं. टिळक मंडालेला गेलेच. पण पगाराचा एक पैसा न मागता, एका माणसाच्या शिक्षेसाठी मुंबईचे गिरणी कामगार एवढ्या संख्येने थांबले ते तेव्हा.

आणि गंमत म्हणून नाही, मनापासून सांगतो, त्या संपाची दखल तेव्हा लेनिनने घेतली होती, हिंदुस्थानातला कामगार राजकीय लढ्याला तयार झालाय असं त्याने लिहिलं. बहात्तर वर्षांनी त्याच लेनिनचं नाव गेटावर असलेल्या गोदीत कामगारांना साधी युनियन करायला संप करावा लागला. मला वाचताना छातीत कळ आल्यासारखं झालं. आमच्या घरात लेनिनचा फोटो होता.

चाफा

गिरणगाव, तुमच्या शेवटच्या ओळीवर काय बोलावं कळत नाही.

पंचगंगा, त्या तिघींचं पुढे काय झालं गं? वालेसा राष्ट्राध्यक्ष झाला ते माहितीये. त्यांची नावं मी आज पहिल्यांदा ऐकली.

पंचगंगा

अलिनाने पुढे सॉलिडॅरिटीचा तो बोगदन बोरुसेविच आहे ना, ज्याने संपाची आखणी केली होती, त्याच्याशी लग्न केलं. ती सेनेटर झाली, २००२ मध्ये गेली, जेमतेम पन्नाशीची. हेन्रिका बरीच वर्षं राजकारणापासून लांब होती, मुलं दत्तक घेतली, २०१५ मध्ये खासदार झाली. आनाचं मात्र वालेसाशी लवकरच बिनसलं, तिला सॉलिडॅरिटीत बाजूला सारलं गेलं आणि शेवटपर्यंत ती त्याच्यावर कडक टीका करत राहिली, काही वेळा अतिच असं वाटतं मला. १० एप्रिल २०१० ला स्मोलेन्स्कला राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं त्यात ती होती. वय ८०. तिचा वाढदिवस १५ ऑगस्टचा. म्हणजे त्या शनिवारी गेटकडे धावली तेव्हा ५१ पूर्ण होऊन एक दिवस झाला होता.

सडेतोड

१९८८ च्या तरुण संपकऱ्यांचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. मत पूर्ण बदललं असं नाही, पण विचार करतोय. कर्जाचं आणि गोर्बाचेव्हचं माझं म्हणणं कायम आहे.

वेल्डर काका, तुमच्या पोस्टचा मी माझ्या मुद्द्यासाठी वापर केला, तो करायला नको होता. माफ करा.

साधी_बाई

काका, विचारावं की नको कळत नाहीये. त्या पोरांचं पुढे काय झालं? आणि ज्वारीचं?

वेल्डर_काका

सडेतोड साहेब, माफी कशाला, बरोबरच लिहिलंत तुम्ही.

ताई, तिघाचौघांना वर्षभराने दुसऱ्या ठेकेदाराकडून परत घेतलं, बाकीची पांगली. ज्याने वही दिली तो आता तालुक्याला गॅरेज चालवतो, दोन माणसं आहेत हाताखाली. त्याच्याशी मी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. त्याने पण विषय काढला नाही.

ज्वारी मी त्यालाच द्यायला गेलो होतो, त्याने घेतली नाही. मग तो घरी नसताना त्याच्या आईकडे नेऊन ठेवली. संध्याकाळी तिने त्यातली अर्धी दळून पीठ करून माझ्या घरी पाठवली. वही अजून माझ्याकडे आहे.